सरकारी ई-इन्व्हॉइस टूल: लहान पुरवठादाराला कितपत पुरतं?

चाकण-भोसरीतले छोटे पुरवठादार ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) करू लागतात, त्यामागे दंडाच्या भीतीपेक्षा मोठं कारण असतं अडकलेलं पेमेंट. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून बिलावर आयआरएन, म्हणजे पोर्टलकडून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक, लागतोच. तो नसेल तर कायद्याच्या लेखी ते बिलच नाही, मग घेणाऱ्या कंपनीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) धोक्यात येतं आणि ती पैसे सोडत नाही.

एनआयसी या केंद्र सरकारच्या आयटी संस्थेचं जीईपीपी हे ई-इन्व्हॉइस बनवायचं एक्सेलमधलं टूल मोफत आहे. मॅक्रो चालू करा, एकदाच स्वतःची माहिती भरा, बिलं टाका, तपासा, पोर्टलला वाचता येणारी जेसॉन फाइल बनवून पोर्टलवर चढवा. परत आलेली फाइल टूलमध्ये घेतली की क्यूआर कोडसकट बिल छापता येतं. दिवसाला चार-पाच बिलं असतील तर हे उत्तम चालतं. त्याहून जास्त असतील तर टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच आयआरएन काढावा, नाहीतर तेच आकडे दोनदा टाइप होतात आणि चुका तिथेच शिरतात.

फाइल नाकारली जाते ती बहुतेक किरकोळ कारणांनी: पिनकोड एका राज्याचा नि राज्य दुसरंच, राज्यातल्याच विक्रीला आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी), बेरजेत १ रुपयापेक्षा जास्त फरक. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्याची सुरुवात शून्याने नको.

खरी मेख पीओ नंबरची, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरच्या क्रमांकाची आहे. सरकारी नमुन्यात तो रकाना ऐच्छिक, त्यामुळे रिकामा ठेवला तरी आयआरएन मिळतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण कंपनीची सिस्टिम बिल, पीओ आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) जुळवूनच पेमेंट पुढे सरकवते. तिथे बिल लटकतं आणि आयआरएन निघालेल्या बिलात पोर्टलवर काहीच बदलता येत नाही. २४ तासांच्या आत रद्द करता येतं, पण चालू ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र) असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की बहुतेकदा क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारं कागदपत्र, हाच मार्ग. म्हणून पीओ नंबर आणि कंपनीने दिलेला पार्ट कोड पहिल्याच दिवशी सक्तीचे धरा.

अजून एक, आयआरएन निघाला म्हणून पोर्टल गिऱ्हाइकाला बिल ईमेल करत नाही. गाडी निघण्याआधी ते स्वतःच पाठवायचं.