रेडिएशनची भीती आणि कॉर्डची मान : इलेक्ट्रिक ब्लँकेटचा हिवाळाभराचा अनुभव

नोव्हेंबरअखेर नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलेल्या इलेक्ट्रिक ब्लँकेटची कॉर्ड ऐन जानेवारीत, जेथे ती कापडात शिरते नेमक्या त्या जागी, आतून तुटली आणि तेथील प्लास्टिक तपकिरी पडले. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे. ब्लँकेट आणल्यापासून घरी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला रेडिएशनबद्दल विचारले. कॉर्डबद्दल एकानेही विचारले नाही. मॉडेल एकेरी पलंगाचे, १०० वॉटचे, तीन टप्प्यांच्या स्विचचे आणि चादरीखाली अंथरायचे आहे. बाकीची माहिती खोक्यावर असतेच.

आधी उपयोगाविषयी. नागपूरच्या थंडीवर बाहेरगावच्या लोकांचा विश्वास बसत नाही, परंतु डिसेंबर २०१८ मध्ये येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आमची वरच्या मजल्यावरची खोली उन्हाळ्यात जितकी तापते तितकीच हिवाळ्यात गारठते आणि त्या गारठ्यात आईचे गुडघे आखडतात. पूर्वी आम्ही १००० वॉटचा रॉडचा हीटर लावत असू. तो आठ तास चालला की आठ युनिट वीज जाते. ब्लँकेट तितकाच वेळ पूर्ण टप्प्यावर ठेवले तरी एक युनिट भरत नाही. हीटर सगळ्या खोलीची हवा तापवत बसतो, ब्लँकेट फक्त अंथरूण तापवते. पहिल्या महिन्यात मी या वस्तूवर पूर्ण समाधानी होतो आणि विजेच्या खर्चाच्या बाबतीत आजही आहे.

मग रेडिएशनचा विषय निघाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “त्या तारेतून रेडिएशन निघते म्हणतात, आईंना रात्रभर त्यावर कशाला झोपवता?” प्रश्न काळजीपोटी होता, म्हणून मी तो गंभीरपणे घेतला आणि जे समजले ते येथे मांडतो. ब्लँकेट किंवा हीटरमधील तापणारी तार, म्हणजे रेझिस्टन्स वायर, तापते ती विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधामुळे, आणि तापलेली कोणतीही वस्तू जे किरण सोडते तेच ती सोडते. रॉडच्या हीटरमधील निक्रोमची तार, म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असलेला जो मिश्रधातू अल्बर्ट मार्श यांच्या नावे १९०६ साली पेटंट झाला त्याची तार, लालभडक झाली तरी तिच्यातून प्रामुख्याने अवरक्त किरण आणि थोडा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन उडवून पेशीला इजा करण्याइतकी ऊर्जा या किरणांत नसते. ब्लँकेटमधील तार तर लाल होण्याच्या जवळपासही जात नाही. चाळीस अंशांच्या आसपासचे अंथरूण ज्या तरंगलांबीचे किरण सर्वाधिक सोडते ती नऊ मायक्रोमीटरच्या थोडी पुढे असते, आणि माणसाच्या त्वचेतून सतत बाहेर पडणाऱ्या किरणांची तरंगलांबीही जवळजवळ तीच असते. म्हणजे शेजारी झोपलेल्या नातवाच्या अंगातून जे येते, तेच या ब्लँकेटमधून येते.

प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची शंका मात्र मी इतक्या सहज बाजूला ठेवली नाही, कारण तिला आधार आहे. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००२ मध्ये विजेच्या वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-बी गटात ठेवले, आणि तेही मुख्यतः लहान मुलांच्या ल्युकेमियावरील अभ्यासांमुळे. आमच्या ब्लँकेटमधून २३० व्होल्टला ०.४३ अँपिअर प्रवाह जातो. तार एकेरी आणि सरळ धरली तर पाच सेंटिमीटरवर क्षेत्र १.७ मायक्रोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) आसपास येते. ५० हर्ट्झसाठी, म्हणजे आपल्या घरगुती विजेच्या वारंवारतेसाठी, सर्वसामान्य लोकांकरिता सुचवलेली २०१० ची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. ज्या ब्लँकेटमध्ये जाणारी आणि येणारी तार अगदी लगत ठेवलेली असते, तेथे दोन्ही क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि आकडा आणखी खाली येतो. मोबाइलवरील ॲपने हे मोजू नये; त्यातला सेन्सर होकायंत्रासाठी असतो आणि ५० हर्ट्झचे बदल तो नीट पकडू शकत नाही. ज्यांना तरीही नको वाटते त्यांनी झोपण्याआधी अर्धा तास अंथरूण तापवून प्लग काढून ठेवावा. प्रवाह नाही तेथे क्षेत्रही नाही.

आता कॉर्ड. नवीन असताना ब्लँकेट पूर्ण टप्प्यावर ठेवून प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने विरोध मोजला, तर १०० वॉटच्या हिशेबाने ५३० ओहमच्या आसपास यायला हवे. जानेवारीत ब्लँकेट मधूनमधून बंद पडू लागले, तेव्हा मी प्लग काढून हेच मोजले. कॉर्ड सरळ असताना आकडा ठीक दिसे. मानेपाशी, म्हणजे ती कापडात शिरते तेथे, जरा वाकवली की तो भरकटत जाई. कॉर्डच्या आतील तांब्याचे केसासारखे बारीक धागे तुटत आले होते, आणि उरलेल्या एकदोन धाग्यांच्या कच्च्या सांध्यातून सगळा प्रवाह जात होता. त्या सांध्याचा विरोध समजा २० ओहम झाला, तर तेवढ्या एका ठिपक्यात साडेतीन वॉटच्या आसपास उष्णता साठते. १०० वॉट पलंगभर पसरलेले असतात, हे साडेतीन वॉट टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत असतात, आणि वर गादी व रजई यांचे आच्छादन असते. प्लास्टिक तपकिरी पडले ते यामुळे.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. आमच्या घरी वीजगळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा एमसीबीही आहे, आणि दोघांपैकी एकालाही हा बिघाड कळला नाही. कळणार नव्हताच. आरसीसीबी फेजच्या तारेतून गेलेला आणि न्यूट्रलच्या तारेतून परतलेला प्रवाह यांतील फरक पाहतो. येथे फरक शून्य होता. एमसीबी प्रवाह वाढला की पडतो. येथे तो किंचित कमीच झाला होता. आतील वायर जास्त तापली तर ब्लँकेट बंद करणारी सोय या मॉडेलमध्ये आहे, परंतु तिचे लक्ष कापडातील तारेकडे असते, कॉर्डच्या मानेकडे नसते. ज्या जागेला कोणतेच संरक्षण पुरत नाही, ती जागा कंपनीने दोन बोटे रुंदीच्या मऊ प्लास्टिकवर सोडून दिली आहे. रोज चादर झटकताना, आईला उठवून बसवताना ताण तेथेच येतो.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरील मुलगा म्हणाला, “काकाजी, वॉरंटी फक्त आतल्या वायरची राहते, कॉर्डची नाही राहत.” वॉरंटी कार्डावर असा कोणताही भेद लिहिलेला नव्हता, आणि ते दाखवल्यावरही उत्तर बदलले नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर कंपनीचा फोन आला आणि फेब्रुवारीत नवे ब्लँकेट मिळाले. बदली तत्पर झाली, हे मान्य करतो. परंतु नव्या ब्लँकेटची मान जुन्यासारखीच आहे.

मधुमेह असलेल्यांच्या घरच्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. आईच्या तळपायांची संवेदना कमी झालेली आहे, आणि ४४ अंश तापमान सुमारे सहा तास त्वचेला सतत लागून राहिले तरी भाजू शकते. अशा माणसाला चटका कळत नाही, म्हणून पूर्ण टप्पा रात्रभर चालू ठेवणे आम्ही बंद केले आहे. पेसमेकर असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

दुकानात गेल्यावर कापडाचा मऊपणा पाहण्याआधी कॉर्डची मान हातात घेऊन वाकवून पाहा. ती सुटी होणारी आणि कनेक्टरची असेल तर शेदोनशे रुपये अधिक देण्यास हरकत नाही. प्लग टू-पिन असल्याने फेज कोणत्या पिनेवर येईल याची खात्री नसते आणि स्विच एकच तार तोडतो; तो बंद असतानाही फेज ब्लँकेटपर्यंत पोहोचलेला असू शकतो, त्यामुळे वापर झाला की स्विचवर न थांबता प्लगच काढावा. उन्हाळ्यासाठी ठेवताना घडी न घालता गुंडाळून ठेवावे आणि त्यावर गाद्या रचू नयेत. कॉर्ड बदलता येईल अशी जोडणी द्यावी असे मी कंपनीला फोटो आणि मल्टिमीटरच्या आकड्यांसह लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत माझे पाचपैकी तीनच तारे राहतील.