ऑफ-सीझन सर्व्हिस झाली म्हणे! स्टर्नड्राइव्हवाल्यांनो, बोट ताब्यात घेण्याआधी हे बघा

बोट परत मिळाली तेव्हा ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बोटीमागचा भाग, काळी कुळकुळीत, नव्या रंगानं चमकत होती. तोच रंग फसवणुकीचा पहिला पुरावा ठरला, कारण तो ॲनोडवर, म्हणजे ड्राइव्हला लावलेल्या धातूच्या तुकड्यावरही मारलेला होता.

ॲनोडचं काम म्हणजे ड्राइव्हच्या ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणं. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा. त्यावर रंग बसला की त्याचा पाण्याशी संबंध तुटतो आणि गंज थेट ड्राइव्हला खायला लागतो. हे बोटीच्या धंद्यातल्या नवशिक्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. ज्यांनी एवढंही पाहिलं नाही, त्यांनी आत काय दिवे लावले असतील या शंकेनं मी पाना हातात घेतला.

मोसम संपल्यावर यार्डातल्या एका वर्कशॉपला बोट दिली होती. ठरलेलं काम असं: ड्राइव्ह ट्रान्समवरून (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवरून) उतरवायची, गिअर ऑइल बदलायचं, इंपेलर (थंडाव्याचं पाणी खेचणारा रबरी पात्यांचा पंखा) आणि यू-जॉइंटवरचा (इंजिन आणि ड्राइव्ह जोडणाऱ्या लवचीक सांध्यावरचा) बेलोज, म्हणजे घड्यांची रबरी नळी, नवा टाकायचा, गिंबल बेअरिंग (ट्रान्सममधून जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं) तपासून ग्रीस द्यायचं, प्रोपेलर काढून शाफ्टची सील बघायची आणि शेवटी ड्राइव्ह पूर्ण खाली सोडून बोट झाकून ठेवायची. पार्ट मागवायचे म्हणून पैसे सगळे आगाऊ घेतले. मालक तोंडाचा गोड. "साहेब, तुम्ही मोसमाला या आणि फक्त चावी फिरवा!"

प्रोपेलरचा नट सोडवला. पंखा बाहेर ओढला तर मागे शाफ्टला मासेमारीची नायलॉनची दोरी करकचून गुंडाळलेली, तिच्या वेटोळ्यांत जुनं वाळलेलं ग्रीस. ही दोरी शाफ्टच्या सीलमध्ये घुसते, सीलची कड कापते आणि मग पाणी आत, तेल बाहेर. म्हणून तर ऑफ-सीझनला पंखा काढायचाच असतो. इथे कुणी त्याला हातही लावलेला नव्हता.

मग खालचा ड्रेन स्क्रू. त्याच्या खाचेतही रंग भरलेला, टोकरून काढावा लागला. सैल केल्यावर आधी पाणी ठिबकलं, कारण पाणी जड, ते तळाला बसतं. वरचा व्हेंट स्क्रू उघडल्यावर धार लागली ती दुधाळ चहाच्या रंगाची. स्क्रूचा वॉशर चेपून पापड झालेला. तो प्रत्येक वेळी नवा घालायचा असतो, त्याची किंमत ती काय!

फोन केला तर उत्तर तयार होतं: "दमट हवेनं थोडंफार पाणी धरतंच, साहेब." साफ थाप. सीलबंद गिअरकेसमधलं तेल धार लागेपर्यंत दुधाळ होतं ते सीलमधून पाणी शिरल्यावर, हवेनं नाही. आणि नेमकं याचसाठी तेल मोसम संपताना बदलतात, सुरू होताना नाही. पाणी मिसळलेलं तेल सगळा बंद काळ आत राहिलं की गिअर आणि बेअरिंग गंजून खड्डे पडतात. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे तर आणखी वाईट, कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि केसिंगला चीर पाडतं. नवं तेल भरायचं तेही खालच्या भोकातून पंपानं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतणारा कुणी दिसला तर समजा, आत हवा अडकणार.

शेजारच्या बोटवाल्यानं एक फोटो पाठवला, त्याच्या स्वतःच्या बोटीचा. मागे माझी बोट दिसते, ड्राइव्ह वर उचललेली. जागा वाचवायला त्यांनी ती तशीच ठेवली होती. आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच खरं नुकसान झालं.

इंजिन आत आणि ड्राइव्ह बाहेर ही रचना व्होल्वो पेंटानं १९५९ मध्ये ॲक्वामॅटिक नावानं बाजारात आणली. ट्रान्समला पडणारं भोक तेव्हापासून या रचनेची दुखरी जागा आहे. तिथे पाणी अडवतो तो फक्त रबरी बेलोज. ड्राइव्ह वर असली की त्याच्या घड्या एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला ताणतात. महिनोन्‌महिने तसंच राहिलं की रबर तोच आकार धरतं आणि घडीत चिरतं. खाली सोडलेली असली की घड्या मोकळ्या राहतात, ड्राइव्हमधलं थंडाव्याचं पाणीही निथळून जातं. बेलोज फाटला तर आधी यू-जॉइंट आणि गिंबल बेअरिंग जातं, आणि नशीब फुटकं असेल तर धक्क्याला बांधलेली बोट आतून भरते.

दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं ड्राइव्ह उतरवण्याआधी मला नटांकडे बघायला लावलं. रंगाचा थर नटावरून ट्रान्समच्या पट्टीवर सलग गेलेला, आणि त्याखाली जुन्या रंगाचाही थर तसाच सलग, कुठेही न तुटलेला. म्हणजे ड्राइव्ह उतरवलीच नव्हती. मग बेलोज कुठून बदलणार? तो जुनाच निघाला, क्लॅम्प गंजलेले, घडीत नख जाईल एवढी चीर. बेअरिंग बोटानं फिरवलं तर खरखर. इंपेलरची पाती एका बाजूला वाकून कडक झालेली.

वर्कशॉपकडे जुने पार्ट मागितले. "ते भंगारात गेले." काढलेच नव्हते ते भंगारात कसे गेले, विचारल्यावर मालकानं कानावर हात ठेवले. बिलावर एकच ओळ: ऑफ-सीझन पॅकेज. पार्ट नंबर नाहीत, तेलाचा ग्रेड नाही, मजुरी वेगळी नाही. तुम्ही बिल असं घेऊच नका. जुना बेलोज, जुना इंपेलर पिशवीत घालून परत मागा आणि हे काम देतानाच लिहून घ्या. ड्राइव्ह उतरवलेली असताना फोटो मागा. तेल काढताना शक्य असेल तर स्वतः उभे राहा. नाहीच जमलं तर बोट देण्याआधी नटावर आणि पट्टीवर मिळून मार्करची एक रेघ ओढून ठेवा, नट सुटला की ती जुळत नाही.

फोटो, दुधाळ तेलाची बाटली आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल समोर ठेवल्यावर तेल आणि इंपेलरचे पैसे परत मिळाले. बेलोज आणि मजुरीवर अजून वाद चालू आहे, लेखी तक्रार दिली आहे. ड्राइव्ह सध्या स्टँडवर उघडी आहे. बेअरिंग बदललं, पण शाफ्टवर जिथे सील बसते तिथे चर पडला आहे. तो पॉलिश करून निभतो की शाफ्टच बदलावा लागतो, ते मेकॅनिक या आठवड्यात सांगणार आहे.