घशाचा कॅन्सर आणि गांजा: ओढायचा, खायचा, विजया तेल घ्यायचं, की मेडिकलची औषधंच पुरेशी?

गांज्यानं आयुष्य वाढतं का, हा एक प्रश्न. गांज्यानं मळमळ, वेदना, झोप, भूक यांत आराम पडतो का, हा दुसरा. भेटायला येणारे पै-पाहुणे या दोन्हींची सरमिसळ करतात आणि घरचे गोंधळतात. दोन्हींची उत्तरं निराळी आहेत, म्हणून आधी पहिला प्रश्न मिटवून टाकू.

आयुष्याचं गणित

'गांजा ओढणारे घशाच्या कॅन्सरमधून जास्त वाचतात' हा समज अमेरिका-युरोपातल्या रुग्णांकडे पाहून पसरला. तिकडे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे बरेचसे कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात. हे रुग्ण वयानं लहान असतात, तंबाखू कमी खातात-ओढतात, आणि २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार त्यांच्यात गांजा ओढण्याचं प्रमाणही जास्त असतं. विषाणूमुळे झालेला हा कॅन्सर रेडिएशनला मुळातच चांगली दाद देतो. २०१० च्या एका मोठ्या चाचणीत तीन वर्षांनी एचपीव्ही असलेले सुमारे ८२ टक्के रुग्ण हयात होते, नसलेले ५७ टक्के. म्हणजे फरक विषाणूचा आणि श्रेय मात्र गांज्याला.

आपल्याकडचं, म्हणजे कोल्हापूर भागातलं, चित्र वेगळं. निपाणीची तंबाखू हाकेच्या अंतरावर, त्यात मिश्री, मावा, विडी. इथल्या घशाच्या आणि स्वरयंत्राच्या बहुतेक गाठी तंबाखूच्या असतात, त्यामुळे तिकडचे आकडे इकडे लावता येत नाहीत. अहवालात 'पी १६' (एचपीव्हीची खूण) पॉझिटिव्ह आलं म्हणून गांजा चालेल असंही नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की अशाच एचपीव्ही-पॉझिटिव्ह पेशी गांज्यातल्या घटकांमुळे प्रयोगशाळेत जास्त वाढतात. दुसऱ्या बाजूला, काही कॅन्सर पेशी काचेच्या बशीत याच घटकांनी मरतात, हेही खरं. पण बशीतल्या पेशींवरून माणसाचं आयुष्य मोजता येत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे 'ॲस्को'नं, २०२४ मध्ये स्पष्ट सल्ला दिला: संशोधन-चाचणीबाहेर गांजा कॅन्सरवरचा उपचार म्हणून वापरू नये.

तेव्हा गाठ जावी म्हणून गांजा घेणार असाल तर विषय इथेच संपतो. त्रास कमी व्हावा म्हणून घेणार असाल तर पुढचं वाचा.

ओढणं

चार पर्यायांतला हा सगळ्यात वाईट, आणि यात फारसं दुमत नाही. आपल्याकडे चिलमीत किंवा कागदात गांज्याबरोबर बहुधा तंबाखू मिसळतात. १९९३ च्या एका अभ्यासात रेडिएशन चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी ३९ टक्के हयात होते, न करणाऱ्यांपैकी ६६ टक्के. तो अभ्यास सिगारेटचा होता. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला प्राणवायू घटवतो, आणि प्राणवायू कमी असलेल्या गाठीवर रेडिएशनचा मारा बोथट होतो. धूर गांज्याचा असला तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच.

शिवाय गरम धूर रेडिएशननं सोललेल्या घशावरून जातो. साठवलेल्या गांज्यावर बुरशी धरते, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी घसरल्या असतील तर ती फुफ्फुसात रुजू शकते. फायदा एकच: परिणाम काही मिनिटांत येतो आणि दोन-तीन तासांत ओसरतो.

भांग खाणं-पिणं

धूर टळतो, पण मात्रेचा पत्ता लागत नाही. एका गोळीत किती नशा आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही सुरू होतो आणि सहा-आठ तास टिकतो. नेमकी चूक इथे होते: तासाभरात काही वाटलं नाही म्हणून दुसरी गोळी दिली जाते, आणि मग दोन्ही एकदम चढतात. सत्तरीच्या माणसाला घाम, धडधड, भ्रम, आणि रात्री लघवीला उठताना पडणं. ठंडाईतली मिरी रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात तांबड्या रश्श्याइतकीच झोंबते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गांज्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, लाळ कमी करतं. रेडिएशननं लाळग्रंथी आधीच सुकलेल्या असतात. तोंड आणखी कोरडं पडलं की घास अडकतो, थुंकी तारेसारखी होते आणि पुढे दात किडतात.

विजया तेल

भांगेच्या पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं परवानाधारक कंपन्या बनवतात आणि ती वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. निदान बाटलीवर मात्रा छापलेली असते. अडचणी दोन. पहिली, गिळताना ठसका लागणाऱ्याला तेलाचे थेंब देणं धोक्याचं आहे: तेल श्वासनलिकेत उतरलं तर खोकलाही नीट येत नाही आणि न्यूमोनिया होतो. दुसरी, सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक, यकृतातली जी यंत्रणा अडवतं, तीच पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल ही केमोची औषधं आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांची विल्हेवाट लावते. त्यामुळे त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सीबीडी त्रास कमी करण्यासाठी घेऊ नये, असं 'ॲस्को' म्हणते. त्या मात्रेचा उपयोग सिद्ध नाही आणि यकृताचे रिपोर्ट बिघडू शकतात. ऑनलाइन 'सीबीडी' म्हणून चिठ्ठीशिवाय येणाऱ्या बाटल्यांच्या वाट्याला जाऊच नका.

मेडिकलची औषधं

गांज्याच्या बाजूनं एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. २०१८ मध्ये कॅनडात नव्यानं निदान झालेल्या ७४ वापरणाऱ्यांची ७४ न वापरणाऱ्यांशी तुलना झाली. वापरणाऱ्यांनी वेदना आणि चिंता कमी, भूक जास्त असल्याचं सांगितलं. पण ही नुसती प्रश्नावली होती. त्याच देशात २०१६ मध्ये रेडिएशन चालू असलेल्या ५६ रुग्णांवर खरी कसोटी झाली: काहींना नॅबिलोन, म्हणजे टीएचसीसारखं कृत्रिम औषध, काहींना खोटी गोळी. वेदना, मळमळ, भूक, वजन, झोप, कशातही सांगण्यासारखा फरक पडला नाही. आमच्या मते निर्णयाला वजन द्यायचं तर दुसऱ्याला.

याउलट सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानं होणाऱ्या मळमळीवर ओलान्झापिनची गोळी चांगली लागू पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०२४ च्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमची रात्रीची गोळी १० मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली आणि गुंगी कमी आली. ही गोळी ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन या उलटी रोखणाऱ्या औषधांच्या जोडीनं देतात. उलटी सुरू झाल्यावर नव्हे, आधीच. गांज्याचा विचार करायचाच तर हे सगळं देऊनही उलट्या न थांबल्यास, आणि तोही डॉक्टरांशी बोलून.

घसा सोलला जाणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, शेवटच्या आठवड्यांत कळस गाठतं आणि रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे टिकतं. त्यावर:

- एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. दर दोन-तीन तासांनी गुळण्या.
- वेदना वाढल्या तर तोंडानं घेण्याचं मॉर्फिन, दर चार तासांनी. पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याची गोळी सोबत, नाहीतर आठवड्यात बद्धकोष्ठ होतो आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात.
- गिळणं थांबलं तर नाकातून नळी, अंगाला लागेल इतकं पातळ अन्न, प्रत्येक वेळी नंतर ३० ते ५० मिलिलिटर पाणी.

नळीला लोक फार घाबरतात. खरी भीती वजनाची हवी. वजन उतरलं की रेडिएशनच्या वेळी डोकं हलू न देणारा मास्क सैल होतो, पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी, दिवस वाया. सात आठवड्यांत ३५ फेऱ्या असतात. मध्ये पडलेला प्रत्येक दिवस गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्यानं घटवतो. चंदगड-आजऱ्याहून रोज एसटीनं येण्यापेक्षा तेवढे आठवडे कोल्हापुरात खोली घेतलेली बरी. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

कायदा

गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात एक किलोपर्यंतच्या गांज्यालाही एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसतं सेवन केलं तर कैद सहा महिन्यांपर्यंत. कॅन्सरच्या फाइलमुळे सूट मिळत नाही. भांगेची पानं या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात त्यावर राज्याचे वेगळे निर्बंध आहेत.

आधीपासून सवय असेल तर

लपवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना किती, कसा आणि शेवटचा कधी घेतला ते सांगा. नेहमी घेणाऱ्यांना भुलीचं औषध जास्त लागू शकतं आणि ऑपरेशननंतर वेदनाही जास्त जाणवतात. ऑपरेशनच्या सकाळी अजिबात नको, ओढल्यानंतर निदान दोन तास भूल देणं टाळतात. एकदम बंद केल्यास एक-दोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश आणि भूक मंदावणं सुरू होतं, साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. हे केमोचा त्रास समजून औषधं वाढवली जातात. उलटही घडतं: वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्याला गांज्यामुळेच उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर थांबतात. अशी उलटी केमोच्या तारखेशी जुळत नाही, म्हणून वहीत उलटीची वेळ आणि केमोचा दिवस दोन्ही लिहून ठेवा आणि ती वही प्रत्येक तपासणीला न्या.