तैमूर की मेहमेत? तुर्की नावांचे दोन झरे

तुर्कस्तानातली नावं बघितली की सरळ दोन गट दिसतात, एक अस्सल तुर्की आणि दुसरा इस्लामसोबत आलेला अरबी-फारसी. दुसऱ्या गटात मेहमेत, मुस्तफा, आयशे, फात्मा. मूळ मुहम्मद, आयेशा वगैरे, पण तुर्की तोंडात बसून पार बदललेले उच्चार. इज्जतीची नावं, फक्त ऐकून घरच्यांबद्दल फारसं काही कळत नाही.

अस्सल तुर्कीत मजा जास्त. तेमुर किंवा देमिर म्हणजे लोखंड (आपला इतिहासाच्या पुस्तकातला तैमूर तोच), देनिझ म्हणजे समुद्र, आणि हे मुलगा-मुलगी दोघांना चालतं. पण खरी गंमत दुर्सुन, म्हणजे "राहू दे", आधीची मुलं दगावली की हे बाळ तरी टिकू दे म्हणून ठेवायचे, अगदी आपल्याकडचे दगडू-धोंडू. आणि येतेर म्हणजे "बस झालं", हे बऱ्याचदा मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या पोरीच्या नशिबी, इथे मात्र हसू येत नाही.

ऑटोमन घराण्यातच बघा ना, सुरुवातीला एर्तुग्रुल, ओरहान, मग मुराद, मेहमेद, सेलिम, सुलेमान असं सगळं अरबी वळण. 1923 ला प्रजासत्ताक आल्यावर जुनी तुर्की नावं परत जोरात.

तुर्कांच्याच भाषाकुळातल्या कझाकांनी तर भांडणच मिटवलंय, त्यांच्या आयगुल या नावातला आय म्हणजे चंद्र तुर्की आणि गुल फारसी. मला विचाराल तर माझं मत तुर्की गटालाच, पण येतेर सोडून.