लॅसी विषय, पाल कलाकार: पात्रे आणि प्राणी नोंदवण्याच्या दोन पद्धती

इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) २००४ पासून गोव्यात भरतो, त्यामुळे इथल्या संग्रहांत चित्रपटांच्या नोंदी करणाऱ्यांपुढे हा प्रश्न येणारच: पात्राचे किंवा प्राण्याचे नाव कलाकार म्हणून नोंदवावे की विषय म्हणून?

पहिली पद्धत नावाला कलाकार मानते: मार्क २१ चे (ग्रंथालयीन नोंदींच्या संगणकीय आराखड्याचे) क्षेत्र ७००. दुसरी त्याला विषय मानते: क्षेत्र ६००. काल्पनिक पात्रासाठी दुसरीच योग्य. १९४३ च्या 'लॅसी कम होम'मध्ये लॅसी ही कुत्री, म्हणजे मादी आहे, पण भूमिका पाल नावाच्या नर कुत्र्याने केली. पुढे त्याच्या वंशजांनीही लॅसी साकारली. लॅसीला ७०० मध्ये टाकले की हे सगळे कुत्रे एकाच नावाखाली जमा होतात, आणि पालचे काम शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

प्राण्याचा प्रश्न अवघड आहे. आरडीए या तालिकीकरणाच्या नियमावलीने मानवेतरांनाही कर्तेपणा दिला होता; २०१७ च्या आयएफएलए एलआरएमने (ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संकल्पनात्मक प्रतिमानाने) 'व्यक्ती' म्हणजे खरा माणूसच, असे ठरवले. तरीही शोधण्याची वाट बंद करू नये. श्रेयनामावलीत प्राण्याचे नाव असेल तर ५११ या कलाकारांच्या टिपेच्या क्षेत्रात (पहिला निर्देशक १, म्हणजे 'भूमिका') नाव आणि भूमिका दोन्ही लिहावीत, ७०० मध्ये नावापुढे 'कुत्रा' किंवा 'हत्ती' जोडावे. नाव नसेल तर बेतू नये. ६५० या सामान्य विषयाच्या क्षेत्रात 'चित्रपटातील कुत्रे' पुरे.