नऊ महिन्यांनंतर: हळदीच्या नाकारलेल्या छायाचित्राला अखेर मिळालेला अभिप्राय

छायाचित्रे विकणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाला मी जानेवारीपासून छायाचित्रे पाठवत आहे. पाठवलेले चित्र तिथले परीक्षक तपासतात आणि स्वीकारून विक्रीला ठेवतात किंवा कारण देऊन नाकारतात. नोंदणी, करअर्ज, किमान चार मेगापिक्सेलची (चित्रात निदान चाळीस लाख ठिपके असण्याची) अट, प्रत्येक चित्राला जोडायचे शोधशब्द हे सारे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते नकाराच्या एकाच कारणाविषयी. ते कारण म्हणजे ‘रचना’, अर्थात चौकटीत काय कुठे बसवले आहे ते.

आधी हिशेब सांगते. सप्टेंबरअखेर मी २१२ छायाचित्रे पाठवली, त्यांतील १३१ स्वीकारली गेली आणि ८१ नाकारली गेली. फोकस चुकला, नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) जास्त आहे, पाटीवर एखाद्या कंपनीचे चिन्ह दिसते, ही कारणे मला मान्य आहेत, कारण चित्र शंभर टक्के मोठे करून पाहिले की दोष आपल्यालाही दिसतो आणि पुढच्या वेळी टाळता येतो. मात्र ८१ पैकी २७ चित्रे रचनेच्या कारणावरून परत आली. या काळातली मिळकत ११ डॉलर ४० सेंट आहे आणि २५ डॉलर जमल्याखेरीज रक्कम खात्यात येत नाही, म्हणजे आजवर एक रुपयाही हाती पडलेला नाही. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माणसाला इंटरनेटचा खर्च आणि रात्रीची जागरणे मोजावीच लागतात.

वादाला कारण ठरलेले छायाचित्र मार्चमधले आहे. सांगली जिल्ह्यात आमच्या सासरच्या गावी त्या दिवसांत हळद शिजवून खळ्यावर वाळत घालतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे या विषयाला मागणी असेल असा माझा अंदाज होता. सकाळच्या तिरप्या उन्हात जाऊबाई ओणव्या होऊन दोन्ही हातांनी हळकुंडे पसरत होत्या, हिरवे लुगडे, भोवती सगळी पिवळीधमक हळद. त्यांचे संमतीपत्र साक्षीदाराच्या सहीसह जोडले होते. चार दिवसांनी नकार आला. कारण असे होते: ‘रचना: चौकट, कातरणी (कडा कापणे) किंवा क्षितिजाचा कल यांपैकी एखाद्या बाबतीत चित्रात दोष आहे.’

मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेतली. मुलाच्या स्मरणचित्रात माणसे कागदाच्या खालच्या कडेला चिकटली असतील, तर मी त्या कडेपाशी पेन्सिलीने बारीक खूण करून देत असे. मुलाला आपण चुकलो हे तर कळलेच पाहिजे, पण कागदावर नेमके कुठे चुकलो हेही कळले पाहिजे. ‘यांपैकी एखाद्या बाबतीत’ या शब्दांतून असे काहीच कळत नाही. तीन निरनिराळे दोष एका वाक्यात बांधून दिले, तर शिकणाऱ्याने दुरुस्ती कशाची करायची?

मी माझ्या परीने तपासले. मागच्या कुडाची कड मोजली तेव्हा तिचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी निघाला. ६००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एक अंशाचा कल म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १०५ पिक्सेलचा फरक पडतो, म्हणून तेवढा किरकोळ कलही मी सरळ केला. काही बदल न करता तेच चित्र पुन्हा पाठवणे नियमात बसत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी वरची पट्टीही कातरली. तेच कारण आले. तिसऱ्या वेळी डावीकडून कातरले. पुन्हा तेच वाक्य आले, शब्दसुद्धा बदललेला नव्हता. मदतकक्षाला दोन पत्रे लिहिली, त्यांना आलेल्या दोन्ही उत्तरांत फक्त मार्गदर्शिकेचा दुवा होता. त्या आठवड्यात मी या सेवेला पाचपैकी एक गुण देऊन मोकळी होणार होते.

तिसरे पत्र मी निराळ्या पद्धतीने लिहिले. छायाचित्राची लहान प्रत घेतली, तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून नऊ घरे पाडली, घरांना क्रमांक दिले आणि एकच प्रश्न विचारला: दोष कोणत्या क्रमांकाच्या घरात आहे? अकरा दिवसांनी उत्तर आले, आणि ते माणसाने लिहिलेले होते.

त्या उत्तरात पाच वाक्ये होती. तिसऱ्या घरात निळ्या पिंपाचा अर्धाच भाग आला आहे आणि नजर तिकडे ओढली जाते. नवव्या घरात बाईंच्या उजव्या हाताची बोटे चौकटीच्या कडेला टेकली आहेत. मागच्या कुडाची रेघ बरोबर मानेतून जाते. चौकट चारही कडांपर्यंत भरलेली असल्याने मजकूर छापण्यासाठी मोकळी जागा कुठेच उरलेली नाही. आणि व्यक्ती मधोमध हात पसरून ओणवी असल्याने खरेदीदाराला हेच चित्र उभे कातरून वापरता येणार नाही.

हे वाचले आणि माझे मत बदलले. पहिल्या तीन गोष्टी मी विद्यार्थ्याच्या कागदावर एका नजरेत पकडल्या असत्या. जाऊबाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड आवडल्यामुळे स्वतःच्या चित्रात त्या मला दिसल्या नाहीत. मानेतून जाणारी रेघ तर मी कल मोजताना वारंवार पाहिली होती, पण ती सरळ आहे की तिरपी एवढेच पाहिले, कुठून जाते हे पाहिलेच नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र माझ्यासाठी नव्या होत्या. चौकट भरलेली असावी, रिकामा कोपरा म्हणजे आळस, असे आम्ही शिकलो आणि शिकवले. भिंतीवर लावायच्या चित्राला ते लागू आहे. विकत घेतले जाणारे छायाचित्र मात्र पुढे कुणाच्या तरी जाहिरातीत, वेष्टनावर किंवा मासिकाच्या पानावर जाते, तिथे त्यावर अक्षरे बसवायची असतात आणि ते आडवे, उभे, चौरस असे कसेही कातरले जाते. ६००० बाय ४००० च्या आडव्या चित्रातून चारास पाच प्रमाणाचा उभा तुकडा काढला तर ३२०० बाय ४००० पिक्सेल उरतात. चार मेगापिक्सेलच्या अटीच्या दृष्टीने ते पुष्कळ आहेत, पण जाऊबाईंचे पसरलेले हात त्या रुंदीत मावत नव्हते. हा दोष कातरून जाणारा नव्हता, चित्र घेतानाच दोन पावले मागे सरायला हवे होते. तोवर एप्रिल संपत आला होता आणि हळद पोत्यांत भरली गेली होती.

मे महिन्यात शेजारच्या गच्चीवर कुरडयांचे वाळवण होते. मी स्टुलावर उभी राहिले, पांढऱ्या धोतरावर मांडलेल्या कुरडया चौकटीच्या तीनपैकी उजव्या दोन हिश्श्यांत ठेवल्या, डावीकडचे धोतर मोकळे सोडले, चारही कडा एकेक करून पाहिल्या आणि एक आडवे, एक उभे अशी दोन चित्रे घेतली. दोन्ही पहिल्याच खेपेला स्वीकारली गेली आणि त्यांतील आडवे आजवर तीनदा विकले गेले आहे. रचनेवरून आलेल्या २७ नकारांपैकी १९ त्या पत्राच्या आधीचे आहेत. नंतरच्या आठपैकी सहा नकारांचे कारण मला चित्र उघडताच कळले.

तरीही माझी तक्रार संपलेली नाही. तो अभिप्राय अतिशय उपयोगी होता आणि लिहिणाऱ्याला पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागला नसावा, पण तो मिळवायला मला तीन पत्रे आणि सहा आठवडे लागले. प्रत्येक चित्रावर पाच वाक्ये लिहा असे मी म्हणत नाही, परीक्षकांपुढे किती चित्रे येत असतील याची कल्पना आहे. नऊ घरांची जाळी आणि दोष असलेल्या घरावर एक टिचकी, एवढी सोय नकाराच्या सूचनेत केली तरी नवख्याचे कित्येक महिने वाचतील. हे मी त्यांना जुलैमध्ये लिहून कळवले आहे, उत्तर अजून आलेले नाही.

मी आज पाचपैकी तीन गुण देते. त्यांतले दोन त्या अनामिक परीक्षकाचे आहेत. ज्यांची चित्रे रचनेवरून परत येत आहेत, त्यांनी ‘का नाकारले’ असे विचारू नये, घरे पाडून ‘कुठे’ असे विचारावे. फेब्रुवारीत नवी हळद शिजायला लागेल. या वेळी निळे पिंप आधीच हलवून ठेवायचे, असे जाऊबाईंना सांगून ठेवले आहे.