‘वापरलेला माल परत घेत नाही’ म्हणणाऱ्यानेच वापरलेला मिक्सर माझ्या गळ्यात मारला

मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर मिक्सर, गीझर, इस्त्री घ्यायला निघालेल्या नाशिककरांनी हे जरूर वाचावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. दुकानाचं नाव देत नाही. असा धंदा करणारं ते एकच दुकान असेल असं मला वाटतही नाही.

तीन भांड्यांचा, ७५० वॅटचा मिक्सर घेतला. काउंटरवरच्या मुलाने खोकं उघडलं, भांडं बसवून एकदा भर्रकन फिरवून दाखवलं आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारला. बिलासाठी मात्र वाद घालावा लागला. “पक्कं बिल कशाला ताई, कार्ड दिलंय ना!” हे ऐकलंत की तिथेच सावध व्हा. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. अडून बसले तेव्हा बिल मिळालं. त्यावर मॉडेल लिहिलं होतं, सिरियल नंबर नव्हता. सगळी मेख तिथेच होती, हे नंतर कळलं.

थोड्याच दिवसांत डोशाचं पीठ वाटताना मोटर जळल्याचा वास यायला लागला. तळाचं लाल बटण दाबलं की मिक्सर सुरू व्हायचा, दोन गिरक्या घेऊन पुन्हा गप्प. तसाच उचलून दुकानात नेला. मालकांनी हातही लावला नाही. “ताई, भांड्याला चटणी लागली की तो वापरलेला माल. बिलाच्या खाली वाचा.” खाली छापलेलं होतंच : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

बहुतेक लोक इथेच माघारी फिरतात, कारण ऐकायला हे रास्त वाटतं. अर्धं रास्त आहेही. रंग आवडला नाही, घरी दुसरा भेट आला, नणंदेने नाक मुरडलं, अशा कारणांसाठी वस्तू परत घ्यायला दुकानदार बांधलेला नाही. तो घेईल तर त्याची मर्जी. पण वस्तूच सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. खाली ती ओळ छापली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. आणि मिक्सरचा दोष तो न वापरता कळावा कसा? देव्हाऱ्यात ठेवून?

मी हटत नाही म्हटल्यावर मालक मऊ झाले. “तुमच्यासाठी म्हणून क्रेडिट नोट देतो.” वापराचे म्हणून काही पैसे कापणार, उरलेल्यात त्यांच्याच दुकानातला माल घ्यायचा आणि मूळ बिल त्यांच्याकडे जमा करायचं. बिल हातातून गेलं की आपल्याकडे पुरावा काय राहतो, याचा विचार करा. मी फक्त झेरॉक्स दिली. मग त्यांचं शेवटचं अस्त्र : “कंपनीकडे जा, आमचा संबंध संपला.”

गेले. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने मिक्सर उलटा केला, तळाच्या स्टिकरवरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि माझ्याकडे बघतच राहिला. या पीसची वॉरंटी काही महिन्यांपूर्वीच, दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर सुरू झालेली होती. मग त्याने मोठ्या भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग स्क्रूड्रायव्हरने उचकटून दाखवली. रिंगेखालच्या खाचेत हळदीचा पिवळाधमक थर, वाळून पापुद्रा झालेला. आमच्या घरी त्या भांड्यात तोवर डोशाच्या पिठाशिवाय काही पडलं नव्हतं. तळाच्या स्क्रूंची डोकी घासलेली. घरी येऊन खोकं पाहिलं तर खोक्यावरचा नंबर वेगळा, मिक्सरचा वेगळा. म्हणजे कुणाचा तरी परत आलेला मिक्सर पुसूनपासून नव्या खोक्यात बसवला होता!

सर्व्हिस सेंटरमधून रिकाम्या हाती येऊ नका. जॉबशीट, म्हणजे तपासणीत काय आढळलं त्याची लेखी नोंद, घ्या आणि सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा, कारण तिथे ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे बिघाड’ असं पडलं की पुढे तेच आपल्या अंगाशी येतं. मी सिरियल नंबर, वॉरंटीची आधीची तारीख आणि आधी उघडल्याच्या खुणा, तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. रिंगेचा फोटो तिथेच काढला.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि दुकान व कंपनी दोघांच्याही नावे पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र धाडलं. ‘कंपनीकडे जा’ ही निव्वळ पळवाट आहे. पैसे दुकानदाराने घेतले, तक्रार दोघांविरुद्ध करता येते. पत्रात स्पष्ट लिहिलं, की पैसे न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ही पोकळ धमकी नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि मुदत दोन वर्षांची. शिवाय आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुंबईहून वस्तू आणलेली असली तरी खेटे मुंबईला घालायला नकोत.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. मालकांचाच फोन आला, “ताई, एवढं कशाला वाढवता?” पूर्ण रक्कम खात्यावर आली. ‘माझी काही तक्रार नाही’ अशी चिठ्ठी त्यांना हवी होती. ती मी दिली नाही. मिळालेली रक्कम, तारीख आणि मिक्सरचा सिरियल नंबर, एवढंच लिहून पावती दिली. मिक्सर परत करण्याआधी त्याच्या बुडावर परमनंट मार्करने ठळक लिहिलं : ‘परत केलेला, मोटर जळते’. काउंटरवरचा मुलगा हळूच म्हणाला, “काकू, आता हा कसा जाणार?”

मार्कर पुसणारं द्रावण बाजारात मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. तेव्हा खरेदीच्या वेळी कितीही गर्दी असो, मिक्सर उलटा करून तळाचा नंबर खोक्याशी ताडून बघा, तोच बिलावर लिहून घ्या आणि झाकणाची रिंग तिथल्या तिथे उचकटून पाहा.